सोन्ने

संपगावच्या वाटेला, काळवटीत,
कापसाच्या सोळा ओळी सोडून एक खांब.
खांबाला हिरवट-पिवळी टोपी,
टोपीत कुठल्यातरी लांबच्या किड्याचा
डबीत भरलेला वास.
मला तो येत नाही. निंगव्वा म्हणते, तिला येतो,
भिजलेल्या पोत्यासारखा.

दर मंगळवारी मी टोपी उघडतो.
पुण्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं होतं,
बाईमाणूस असून ‘उघडतो’ कसं म्हणता?
म्हटलं, आमच्यात असंच.
आई तर मरतानाही ‘येतो’ म्हणूनच गेली.

किड्याचं चित्र माझ्याकडं आहे, बिस्किटाच्या डब्यात.
करडं अंग, जोंधळ्याच्या दाण्याएवढं,
आणि तोंडापुढं सोंड, अंगाच्या निम्मी.
साहेब म्हणाले, हा समुद्रापलीकडचा.
बोंडाला भोक पाडून आत अंडं घालतो.
आपल्याकडं नाही. कधी आलेलाही नाही.
पण आला, तर पहिल्यांदा तुम्हाला कळलं पाहिजे.

निंगव्वानं चित्र उलटंसुलटं करून बघितलं.
तिच्या बोलीत कापसाला हत्ती म्हणतात.
लहानपणी बैलहोंगलच्या बाजारात
‘हत्ती बंतु, हत्ती बंतु’ ऐकून
मी वडिलांच्या खांद्यावर चढलो होतो.
पन्नास गाड्या आल्या ओळीनं,
आणि सगळ्यांत नुसता कापूस.
रडलो की भर बाजारात.
आता या वयात कळतंय,
त्या हत्तीलाही कुठंतरी सोंड आहे.

चौदा वर्षं झाली.
टोपीत काय काय मिळालं ते वहीच्या मागं लिहिलंय:
मुंग्या, एक मधमाशी, पावसाचं पाणी,
उडत आलेली म्हातारी,
एकदा कुणीतरी लपवलेली सुपारी.
पुढच्या पानांवर एकच रकाना,
त्यात शून्याखाली शून्य.

इकडं घरचा चोर बोंडात बसलेला,
गुलाबी, मऊ,
फुलाची डोमकळी करणारा,
दोन सरक्या रेशमानं शिवून मधे झोपणारा.
त्याची वही वेगळी, माणूस वेगळा.
मल्हारी कडोलकर मोजतो त्याला.
त्याची वही दर साली भरते,
पत्रं येतात, मीटिंग होते, चहा होतो.
माझ्याकडं कोण येणार?
न येणाऱ्याची वाट बघायचा पगार माझा.

मागल्या दिवाळीनंतर मात्र
टोपीत तो होता.
तपकिरी. जिवंत. सोंड.

डबीत धरला. डबी पदरात, पदर मुठीत,
बांधाबांधानं पळत सुटलो.
चौदा वर्षांत पहिल्यांदा
माझ्याकडं सांगण्यासारखं काही होतं.
आणि खरं सांगू?
भीती नंतर आली, ओढ्याजवळ.
तोवर नुसता आनंद.

निंगव्वानं डबी उन्हाला धरली,
डोळे बारीक केले,
आणि मग बसलीच ती खाली, हसत,
गुडघ्यावर थापा मारत:
‘अय्यय्य, इदु नम्म जोळद हुळ!’
जोंधळ्यातलं सोंडं.
दळणाची पिशवी सकाळी तिनंच
खांबाला अडकवली होती.

मीही हसलो. काय करतो.
किडा बांधावर सोडला.
सोंड खाली घालून निघाला तो,
चुकून दुसऱ्याच्या लग्नात जेवून आल्यासारखा.

वही काढली.
फॉर्म कन्नडमधला, मी मराठी शाळेतला.
बाकीचं निंगव्वाचा नातू भरतो,
शून्य तेवढं माझं मी काढतो.
दोन्हीकडं ते सारखंच.
ती म्हणते सोन्ने.

त्या दिवशी जरा सावकाश काढलं,
हिरव्या बोंडासारखं गोल,
आणि टोकाला टोक असं मिळवलं
की कुठं भोक राहू नये.